धाकटी घाट चढत नाही

माझ्या गॅरेजात थोरलीचा मालक आला की आधी चहा सांगायचा, आणि धाकटीचा मालक आला की आधी माफी मागायचा. छत्तीस वर्षं मोताळ्यात मलकापूर-बुलढाणा रोडवर गाड्या उघडल्या, झाकल्या, पण हा नेम काही मोडला नाही.

थोरली-धाकटी म्हणजे सुना नाहीत हो. गाड्यांच्या दोन कंपन्या आहेत. त्यांची खरी नावं इथं घेत नाही. एक तर या वयात मला कोणाची नोटीस नको, आणि दुसरं म्हणजे नावाच्याच करामती सांगायला बसलोय, तर नाव झाकलेलं बरं. थोरली आमच्या भागात आधी आली. सोसायटीच्या चेअरमनपासून डॉक्टरपर्यंत सगळे तिच्यातूनच फिरले. धाकटी मागून आली. दिसायला नीटस, किमतीला हलकी, आणि आल्या आल्या तिच्या कपाळी शिक्का बसला, की धाकटी घाट चढत नाही, गरम होते.

घाट म्हणजे राजूरचा घाट. मोताळ्याहून बुलढाण्याला जायचं तर तो चढल्याशिवाय गत्यंतर नाही. खाली आमच्याकडं उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं, वर बुलढाण्यात माणसं दुपारी पंख्याविना झोपतात म्हणे, आणि मधला चढ असा की गाडीची कुंडली तिथंच उघडी पडते. भर वैशाखात, दुपारी, सवारी भरून जी घाट काढेल ती गाडी, बाकी सगळी भंगार. आमच्याकडं गाडीची परीक्षा एवढीच.

आता नावाची ताकद बघा. एक रिटायर हेडमास्तर होते. त्यांची थोरली महिन्यातून तीनदा माझ्या दारात. आज क्लच, उद्या सेल्फ, परवा काच वर जात नाही. काम होईपर्यंत सर बाकड्यावर बसून मलाच समजावायचे की गाडी म्हणजे एक नंबर, दगड आहे दगड. तिकडं दवाखान्यातल्या एका कंपाउंडरकडं धाकटी होती, ती गावातल्या गावात फिरायची, तिला चार वर्षांत ऑइल बदलण्यापलीकडं पाना लागला नाही. गाडी कशी आहे म्हणून विचारलं की तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणायचा, "अजून तरी काई झालं नाई." जसं काही मोठ्यानं बोललं तर गाडी ऐकेल आणि बिघडून दाखवेल.

आणखी एक नग. मुलगी पाहायला जायचं म्हणून एका गृहस्थानं खामगावच्या भंगारातून थोरलीचा मोनोग्राम आणला आणि माझ्याकडून आपल्या धाकटीच्या नाकावर बसवून घेतला. मी नाही म्हटलं, पण मुलाच्या लग्नाचा प्रश्न म्हटल्यावर काय करता. मुलीचा बाप स्वतः जुना ड्रायव्हर. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून लावून पाहिलं आणि म्हणाला, आवाज पाहा दाराचा, थोरली ते थोरलीच. सोयरीक जमली. लग्नानंतर सहा महिन्यांनी गृहस्थ मोनोग्राम काढायला परत माझ्याकडंच. म्हटलं, राहू द्या की. तर म्हणे, नाई, व्याही गाडी मागून राह्यले, त्याईले घाटातून न्यायची आहे.

तुम्ही म्हणाल, दादाराव मिस्त्री लोकांना हसतोय. हसतो, पण त्यांच्याबरोबर मीही त्याच रांगेत उभा होतो, आणि सगळ्यात पुढं होतो. तेच सांगायचं आहे.

त्याआधी आमच्या धंद्यातला एक रिवाज सांगतो. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर एक झडप असते. पितळेची, मुठीत मावेल एवढी. इंजिन थंड असलं की ती मिटलेली असते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडं सोडते. सकाळी इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून कंपनीनं केलेली ही सोय. आता मला सांगा, ज्या मुलखात सकाळी नऊला सायकलची सीट पोळते, तिथं इंजिन लवकर गरम करायची सोय कशाला पाहिजे? म्हणून माझ्या उस्तादानं, उस्तादाच्या उस्तादानं, खामगावापासून मलकापूरपर्यंत माझ्या ओळखीच्या एकूण एक मिस्त्र्यानं एकच रिवाज पाळला. नवी गाडी पहिल्यांदा हाताखाली आली की झडप काढून टाकायची आणि पाण्याला वाट मोकळी करायची. गिऱ्हाइकाला विचारायचंही नाही. लहान लेकराला काजळ लावताना कोणी विचारतं का?

काढलेल्या झडपा मी डालड्याच्या डब्यात टाकायचो. एक डबा काठोकाठ भरला होता. कोणी नवा मिस्त्री भेटायला आला की तो डबा खडखडवून दाखवायचो, की इतक्या गाड्या आपल्या हातून थंड झाल्या.

भास्कर मोताळ्याचाच. दहा-बारा वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या, बायकोनं शिलाई केली, दोघांनी मिळून पै-पै जोडली आणि स्वतःची नवी गाडी घेतली. सात सीटची धाकटी. थोरलीला हात पोचत नव्हता. मलकापूर ते बुलढाणा सवारी मारायची हा बेत. गाडीवर त्याचा असा जीव, की सवारीला आत बसण्याआधी चपला झटकायला लावायचा. म्हाताऱ्याकोताऱ्या कुरकुरत, पण झटकत. पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी माझ्याकडं आली. मी नेहमीप्रमाणं झडप काढली, डब्यात टाकली आणि सांगितलं, आता बिनघोर जा.

आठ दिवसांनी त्यानं नवरदेवाला न्यायचं काम घेतलं होतं. लग्न बुलढाण्याला, दुपारचं. तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लालवर गेला, बोनेटमधून वाफ निघाली आणि गाडी उभी. बाशिंग बांधलेला नवरदेव घाटाच्या कठड्यावर बसून राहिला, करवली पदरानं त्याला वारा घालतेय, आणि शेवटी मागून आलेल्या एसटीनं सगळं वऱ्हाड वर गेलं. मुहूर्त टळला. मांडवात नवरीचा मामा म्हणाला की धाकटीत बसवून आणल्यावर दुसरं काय होणार. त्याचं बोलणं नवरदेवाच्या आधी मोताळ्यात येऊन पोचलं.

भास्कर गाडी घेऊन आला तेव्हा त्याचं तोंड पाहवत नव्हतं. मी रेडिएटर धुतला, झाकण बदललं, पंख्याचा पट्टा बदलला. परत गरम. हेड उतरवून गॅस्केट पाहिलं. परत गरम. सपाटीवर गाडी चांगली, घाटाला लागली की हुंदके. मी जे जे करायचं ते केलं, पण जे केलं होतं ते काही माझ्या डोक्यात आलं नाही. ते मी 'काम' म्हणून धरतच नव्हतो ना. शेवटी मी त्याला माझ्या तोंडानं सांगितलं, "भास्कर, यात तुझा दोष नाई न माझा बी नाई. कंपनीच तशी हाये."

कंपनीचं नाव वाईट होतं आणि माझं नाव चांगलं होतं. त्यामुळं त्यानं लगेच मान हलवली.

दोन वर्षं त्यानं रेटली. पाण्याच्या चार कॅन घेऊन घाट चढायचा. सवारी त्याची गाडी पाहून म्हणायची, मागच्या गाडीनं येतो. शेवटी त्यानं ती नामदेवरावांना विकली. नामदेवराव म्हणजे मोताळ्याजवळच्या खेड्यातले भाजीवाले शेतकरी, वांगी-टमाटे पिकवतात. त्यांना गाडी शेतातून मोताळ्याच्या बाजारापर्यंत न्यायची, सगळी सपाटी, म्हणून त्यांना चालली. आणि भास्कर खामगावला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं पगारी ड्रायव्हर म्हणून लागला. व्यापाऱ्याची थोरली चालवायची, एका खोलीत राहायचं, बायकापोरांकडं आठवड्यातून एकदा यायचं. गाडी विकली त्या दिवशी त्यानं ती माझ्याच दारात धुतली. आतून, बाहेरून, टायरसुद्धा. मला वाईट वाटलं, पण अपराधी वाटलं नाही. अपराधी वाटायला कारण माहीत असावं लागतं.

ते कारण पुढच्या वैशाखात बीबीहून आलं.

कुसुमताई लोणार तालुक्यातल्या बीबीच्या. त्यांची लेक मोताळ्यात दिलेली, ती बाळंत झाली म्हणून आल्या होत्या. पन्नाशीच्या, नऊवारीत, आणि गाडी स्वतः चालवत. नवऱ्याला नजर कमी, म्हणून भाजीपाला बाजारात न्यायचं काम यांनीच अंगावर घेतलेलं. आमच्या बाकड्यावरचे रिकामटेकडे उठून उभे राहिले. गाडी धाकटी, अगदी भास्करच्याच मॉडेलची. काम साधं होतं, मागचे ब्रेक आवाज करत होते. ते झाल्यावर मी आपला सवयीनं बोनेट उघडला. इंजिन नुकतंच चालू केलेलं, वरच्या पाइपला हात लावला तर थंडगार. म्हणजे झडप आत शाबूत. मी पाना घेतला.

बाई दार उघडून खाली उतरल्या. "हे काय काढू लागलात तुमी?"

मी म्हटलं, ताई, पैसे नाही घेत याचे. तुमच्या भल्यासाठीच आहे. घाटात गरम होईल.

"कामून होईल? दोन उन्हाळे झाले, होत तर नाही." असं म्हणून त्यांनी समोरच्या खणातून गाडीचं पुस्तक काढलं. इतक्या वर्षांत मी ते पुस्तक प्लास्टिकच्या बाहेर आलेलं पाहिलं नव्हतं. बाईंनी पान काढलं. त्यावर झडपेचं चित्र, त्यावर फुली, आणि खाली हिंदीत लिहिलेलं, काढू नये. मला हसू आलं. म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्यानं वऱ्हाडातलं ऊन पाहिलंय का? बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यानं इंजिन तर पाहिलंय ना, भाऊ?"

बाकड्यावर कोणीतरी खोकललं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, ब्रेकची ट्रायल घाटातच घेऊ. मनात हे, की तिसऱ्या वळणावर वाफ निघाली की मग बोलतो पुस्तकावर.

दुपारचे दोन. मागं लेकीकडून परत न्यायची गव्हाची दोन पोती, बाळंतिणीची सासू बुलढाण्याला जायची म्हणून ती आणि तिच्या दोन जावा. गाडी चांगलीच भरलेली. बाई दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढत होत्या आणि मी काट्याकडं बघत होतो. काटा मध्यावर आला आणि थांबला. तिसरं वळण गेलं, काटा तिथंच. मी काचेवर टिचकी मारली. बाई म्हणाल्या, बिघडला नाही तो. वर पोचल्यावर मी उतरून पाइपाला हात लावला, टाकीतलं पाणी पाहिलं, रेडिएटर हुंगला म्हणा ना. सगळं ठीक. मी म्हटलं, ब्रेक चांगले लागतात. बाई "बरं" म्हणाल्या. त्यांनी मला त्याहून जास्त काही म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार.

खाली एसटीनं आलो. घरी गेलो तो थेट स्वयंपाकघरात. बायकोच्या, म्हणजे सुमनच्या, चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, आणि डब्यातली धाकटीची एक झडप दोरा बांधून त्यात सोडली. सुमन म्हणाली, त्या पातेल्यात मी आता चहा करणार नाही, नवं आणा. मी वाकून पाहत होतो.

थोरलीच्या झडपेला एकच तबकडी असते, ती उघडते, बस. धाकटीच्या झडपेला दोन. आयुष्यभर हाताळली, पण तापताना कधी पाहिली नव्हती. पाणी उकळलं तशी वरची तबकडी उघडली, आणि त्याच वेळी खालची तबकडी खाली सरकली. ती खालची कशाला, हे मी उकळत्या पाण्यापुढं उभा राहून पहिल्यांदा स्वतःला विचारलं. धाकटीच्या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत. एक लांबची, रेडिएटरमधून थंड होऊन येणारी, आणि एक जवळची, इंजिनातल्या इंजिनात वळणारी. इंजिन तापलं की ही खालची तबकडी जवळची वाट बंद करते. झडप काढली की दोन्ही वाटा उघड्या राहतात. मग पाणी तरी लांबून कशाला जाईल? अर्धं गरम पाणी रेडिएटरचं तोंड न पाहता परत इंजिनात. सपाटीवर हे निभतं. घाटात, सवारी भरून, नाही निभत.

म्हणजे धाकटी घाटात गरम होत नव्हती. आम्ही तिला गरम करत होतो. अख्ख्या पट्ट्यातले मिस्त्री मिळून, फुकट, भलं करायच्या भावनेनं. आणि गरम झाली की म्हणत होतो, कंपनीच तशी.

सुमननं गॅस बंद केला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मंग भास्करले सांगाल ना?"

हो म्हटलं. आणि एक वर्ष सांगितलं नाही.

इथं लेखणी अडखळते, पण लिहितो. कारणं माझ्याकडं पुष्कळ होती. तो खामगावला होता. गाडी विकली गेली होती. सांगून काय परत मिळणार होतं? गिऱ्हाइकांच्या धाकट्यांना मी एकेक करून गुपचूप झडपा बसवल्या, म्हटलं पाप फिटतंय. पण खरं कारण एकच. मोताळ्यात 'दादाराव मिस्त्रीनं सांगितलं' म्हटलं की पुढं कोणी बोलत नसे. ते ऐकायची मला चटक लागली होती. कंपनीला नावाचा एवढा मोह नसेल, तेवढा मला होता.

पुढच्या उन्हाळ्यात भास्कर आला. एकटा नाही, साळ्याला घेऊन. साळ्याला चिखलीकडं एक जुनी धाकटी स्वस्तात मिळत होती, दोन वर्षं वापरलेली, आणि भास्कर त्याला घेऊ देत नव्हता. माझ्यापुढं त्याला उभं करून म्हणाला, "सांगा मिस्त्री याले. तुमचं ऐकन हा." आणि साळ्याकडं वळून, "अबे, याईनं जीव काढला माह्या गाडीपाई. याईच्या हातानं नाई सुधरली, तं कोनाच्या सुधरन?"

साळा माझ्या तोंडाकडं बघतोय, भास्कर माझ्या तोंडाकडं बघतोय. त्या क्षणी मी खोटं बोललो असतो, तर मग जन्मभर बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, भास्कर, उद्या दुपारी ये. घाटात जायचं आहे, तुझीच जुनी गाडी घेऊन.

संध्याकाळी नामदेवरावांकडं गेलो, नवी झडप बसवू देता का विचारलं. ते म्हणाले, बसवा, पण घाटात जाऊनच राह्यले तर माझे टमाट्याचे वीस कॅरेट बुलढाण्याच्या बाजारात टाका, मी बी येतो. असा माणूस. त्यांच्या दृष्टीनं भास्कर म्हणजे फुकटचा ड्रायव्हर होता.

दुसऱ्या दिवशी भास्कर स्टिअरिंगवर, मी शेजारी, नामदेवराव मागं टमाट्यांत. गाडीत बसताना भास्करनं आपोआप चपला झटकल्या. घाट लागला. तो काट्याकडं बघत नव्हता, रस्त्याच्या कडेला बघत होता, गाडी उभी करायला कुठं जागा आहे ते. जुनी सवय. तिसऱ्या वळणावर त्यानं पाय काढला, गाडी हळू केली आणि मग काटा पाहिला. मध्यावर. पुन्हा पाय दिला.

"काय केलं तुमी हिले?"

मी म्हटलं, जे पहिल्या सर्व्हिसिंगला काढलं होतं, ते परत बसवलं. मग सगळं सांगितलं, झडप, दोन वाटा, पातेलं, सगळं. तो गाडी चालवत राहिला. मागून नामदेवराव म्हणाले, अरे बाप्पा.

वर पोचल्यावर त्यानं गाडी सावलीला घेतली, उतरला आणि बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "दोन वर्सं मी हिले शिव्या देल्ल्या." मी म्हटलं, माझी चूक झाली. तो म्हणाला, "गलती व्हते मिस्त्री. कोनाच्यानं बी व्हते. तुमाले कवा समजलं?"

हा प्रश्न तो विचारेल असं मला वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं, देव जाणे. मी म्हटलं, गेल्या वैशाखात.

"वर्स झालं मंग."

बस. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मी घेतली असती. त्यानं टमाट्याचे कॅरेट नामदेवरावांबरोबर उतरवले, गाडी खाली आणली, किल्ली माझ्या हातात दिली आणि खामगावच्या एसटीत बसला.

पुढं दोन गोष्टी झाल्या, दोन्ही नावाच्याच. नामदेवरावांना मी म्हटलं, गाडी भास्करला परत द्या, योग्य तो भाव घ्या. तर ते म्हणाले, "आता कशी देऊ? आता ते घाट चढते ना." त्यांचंही चुकलं नाही.

आणि दुसरी अशी. मी ठरवलं, आता लपवायचं नाही. बाकड्यावर बसून येईल त्याला सांगायला लागलो, की धाकटी चांगली गाडी आहे, खराब आम्ही केली. लोकांनी काय म्हणावं? म्हणायला लागले की मिस्त्री मनाचा मोठा, कंपनीचा दोष अंगावर घेतो. हेडमास्तर सरांनी तर माझा हात हातात घेतला. मी पातेलं दाखवलं, झडप उकळून दाखवली. माणसं बघायची, मान डोलवायची आणि जाताना म्हणायची, मिस्त्रीच्या हाताला गुण आहे, त्याच्या हातची धाकटी घाट चढते. माझं नाव पूर्वीपेक्षा वाढलं. इतकं चांगलं नाव असणं ही शिक्षा असते, हे मला साठीला कळलं. साळ्यानंही ती चिखलीची गाडी घेतली नाही. जास्त पैसे देऊन थोरलीच आणली.

ती चिखलीची गाडी भास्करनं घेतली.

मला हे त्याच्याकडून कळलं नाही, गाडीच दारात आली तेव्हा कळलं. पावसाळा संपत आला होता. खामगावची नोकरी सोडून तो घरी आला होता. तो बाकड्यावर बसला नाही, चहाला नाही म्हणाला. मी हात पुसत बाहेर आलो, बोनेटकडं गेलो, तसा तो मध्ये आला.

"सगयं काम तुमीच करा," तो म्हणाला. "पन मी इथंच उभा राहीन."

बाकड्यावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दादाराव मिस्त्रीच्या कामावर उभं राहायचं म्हणजे काय. माझे कान तापले, नाही म्हणत नाही. दुसरा कोणी असता तर मी पाना खाली ठेवला असता. पण ज्याला मी माझ्या नावाच्या जोरावर गाडी विकायला लावली, तो माझं नाव बाजूला ठेवून माझे हात बघायला आला होता, आणि तरीही माझ्याकडंच आला होता. मी स्टूल पुढं सरकवलं. तो बसला नाही.

तर अजून तसंच चालू आहे. गॅरेज मी आता सकाळचंच उघडतो, गिऱ्हाइकं मोजकी घेतो. भास्करची गाडी दर तीन महिन्यांनी येते, दिवसातून चार वेळा घाट चढते-उतरते, सवारी आता आपणहून तिच्यात बसते, अर्थात माझ्या नावावर. तो फेंडरला टेकून उभा राहतो. मी एकेक वस्तू काढतो, त्याच्या हातात देतो, ही काय आहे आणि का काढली ते सांगतो, तो ती उलटसुलट करून बघतो, परत देतो, मग मी बसवतो. एका सर्व्हिसिंगला पूर्ण सकाळ जाते. खरं सांगतो, छत्तीस वर्षांत इतकं नीट काम मी कोणाच्याच गाडीचं केलं नाही.